जुना जॉइंटर: सरळ टेबलं आणि चौकोनी कटरहेड

मागच्या रांगेत आवाज येतोय ना? ठीक.

विषय वाचून काही जणांनी विचारलं, इतिहासाच्या व्याख्यानमालेत सुतारकामाचं यंत्र कशाला? सांगतो. शंभर वर्षांपूर्वीचा जॉइंटर दुरुस्तीला घेतला की प्रत्येक भागाशी जुन्या कुणीतरी घेतलेला एक निर्णय समोर येतो. त्यातले काही निर्णय आपण जपायचे असतात. एक मात्र मोडायचा असतो. आज मुख्यतः त्या एकाबद्दल बोलायचंय.

आधी जॉइंटर म्हणजे काय ते पाहू. आपला मिस्त्री त्याला रंधा मशीन म्हणतो. बिडाची दोन लांब टेबलं, मधे वेगानं फिरणारं कटरहेड, त्यात पाती. फळी पहिल्या टेबलावरून ढकलायची, पात्यांवरून गेलेला भाग दुसऱ्या टेबलावर टेकतो. पहिलं टेबल किंचित खाली असतं; जेवढं खाली, तेवढं लाकूड निघतं. नाव मात्र यंत्राच्या आधीचं आहे. दोन फळ्या कडेला कड लावून सांधायच्या तर कडा सरळ हव्यात, आणि त्यासाठी वापरायचा लांब रंधा म्हणजे जॉइंटर. सतराव्या शतकात लंडनच्या जोसेफ मॉक्सननं कारागिरीवर पुस्तक लिहिलं, त्यात तो याच नावानं येतो. लांब कशाला? आखूड रंधा फळीच्या खळग्यात उतरतो आणि खळगाच गुळगुळीत करून ठेवतो. लांब रंधा त्यावरून पुलासारखा जातो. स्टॅनली कंपनीचा ८ नंबरचा रंधा २४ इंच लांब आहे, तो याचसाठी.

फिरत्या पात्यांची कल्पना इंग्लंडच्या सॅम्युएल बेंथमच्या १७९३ च्या पेटंटमध्ये सापडते. त्याचा भाऊ जेरेमी, ज्यानं कैद्यांवर एकाच जागेवरून नजर ठेवता येईल अशा तुरुंगाचा आराखडा केला. तिथल्या कैद्यांकडून सॅम्युएलची यंत्रं चालवून घ्यायची, असा बेत होता. म्हणजे बघा, ज्याला रंधा धरता येत नाही त्याच्या हातूनही फळी सपाट निघावी, हा हेतू सुरुवातीपासूनचा. पुढे अमेरिकेत वुडवर्थनं १८२८ मध्ये रंधा यंत्राचं पेटंट घेतलं आणि मुदती वाढवत वाढवत ते १८५६ पर्यंत चालवलं. तो तंटा वकील मंडळींसाठी राखून ठेवू. (हशा)

आता पडद्यावरचं यंत्र पाहा. १९०० च्या आसपासची घडण. गंज काढणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम; रॉकेल, घासणी आणि चिकाटी. खरी परीक्षा टेबलांची. टेबलं तिरक्या खाचांवर वरखाली सरकतात. वर्षानुवर्षांच्या वापरानं खाचा झिजतात आणि टेबलांची बाहेरची टोकं झुकतात. मग पाती कितीही धार लावा, फळीची कड मधे पोकळच निघणार. उपाय साधा आहे: खाचेत पितळेची पातळ पट्टी सारायची, लांब सरळपट्टी दोन्ही टेबलांवर ठेवायची, फीलर गेजनं फट मोजायची, पुन्हा पट्टी बदलायची. एक अख्खा रविवार जातो.

पण थांबा. ती सरळपट्टी सरळ आहे हे कशावरून? सुताराची जुनी युक्ती आहे. पट्टीच्या कडेनं रेघ मारायची, पट्टी उलटी करून त्याच दोन टोकांमधून पुन्हा मारायची. दोष असेल तर दोन रेघांत दुप्पट दिसतो. धातूच्या पृष्ठभागासाठी जोसेफ व्हिटवर्थनं १८४० मध्ये ग्लासगोच्या सभेत पद्धत मांडली. दोन पाट्या एकमेकींशी जुळवल्या तर एक फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असू शकते, तरी त्या चपखल बसतात. तिसरी पाटी घ्या, तिघींना आळीपाळीनं एकमेकींशी जुळवा, रंग लावून उंचवटे खरवडत राहा. मग तिन्ही सपाट झाल्याशिवाय गत्यंतर नाही. मला विचाराल तर गेल्या दोनशे वर्षांतली ही सगळ्यात सुंदर कल्पना आहे, आणि तिचं नाव आपल्या शाळेत कधी निघत नाही.

मग बेअरिंग. जुन्या यंत्रात बॉल बेअरिंग नाही, बॅबिट असतं: कथील, अँटिमनी आणि तांबं यांचा मिश्रधातू, १८३९ च्या अमेरिकी पेटंटमधल्या आयझॅक बॅबिटच्या नावाचा. झिजलं तर वितळवून काढायचं. शाफ्टवर काजळी धरायची म्हणजे धातू चिकटत नाही, सगळं आधी गरम करायचं, फटी मातीनं लिंपायच्या आणि एका धारेत ओतायचं. रसाला तापमापक नको. पाइनची काडी बुडवा, ती करपली की रस तयार. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पाण्याचा थेंब राहिला तर रस उसळून तोंडावर येतो.

आता कटरहेड. यात ते चौकोनी आहे. चौरस पोलादी ठोकळा, त्यावर बोल्टनं पाती आवळलेली. फिरताना कोपरे टेबलाजवळ येतात आणि सपाट बाजू आली की मोठी पोकळी पडते. फळी घसरली की बोटं त्या पोकळीत शिरतात आणि पुढचं पातं त्यांना आत ओढतं. आमच्या आळीतल्या वखारीतल्या मिस्त्रींच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. लहानपणी मला वाटायचं, मिस्त्री लोक असेच असतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोल कटरहेड आलं. त्यात पोकळी अगदी अरुंद, त्यामुळे बोट कापलं तरी हात आत जात नाही. ब्रिटनच्या १९२२ च्या नियमांनी हातानं फळी सरकवायच्या रंधा यंत्रावर गोल कटरहेड सक्तीचं केलं. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाना अधिनियमाखालच्या नियमांत ही अट आली.

यंत्र जपणाऱ्या काही मित्रांचं म्हणणं असतं की मूळ भाग काढला तर यंत्राचा इतिहास गेला. टेबलं, बॅबिट, पितळी तेलकुप्या यांच्याबाबत मी त्यांच्या बाजूचा आहे. चौकोनी हेडबाबत नाही. यंत्र नुसतं मांडून ठेवायचं असेल तर हेड राहू द्या आणि पट्टा काढून टाका. फळी सरकवायची असेल तर त्याच मापाचं गोल हेड कातून बसवा. जुन्याला तेल लावा, कागदात गुंडाळा आणि कुठल्या यंत्राचं, कधी काढलं ते चिठ्ठीवर लिहून यंत्राच्याच पायाशी ठेवा. पडद्यावरच्या यंत्राचं तसंच ठेवलंय. खाली डावीकडे पाहा, ती तपकिरी पुडी.