स्थानपोथी आणि गोदाकाठची जुनी गावे

महानुभाव पंथाची स्थानपोथी हा पायी चालणाऱ्यांसाठी मराठीत लिहिलेला फार जुना ग्रंथ आहे. चौदाव्या शतकातल्या या गद्य ग्रंथाचे कर्तृत्व परंपरा मुनिव्यास कोठी यांच्याकडे देते. तेराव्या शतकात पंथाचे संस्थापक श्रीचक्रधरस्वामी गोदातीरी गावोगाव हिंडले. ते जिथे राहिले, बसले, टेकले, ती जागा मागाहून येणाऱ्या भक्ताला नेमकी सापडावी, हा पोथीचा हेतू. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून हीच गोदावरी वाहते. गेवराई तालुक्यातले पांचाळेश्वर, म्हणजेच आत्मतीर्थ, हे पंथाचे एक मोठे स्थान. पंथाने मानलेल्या पाच अवतारांपैकी श्रीदत्तात्रेय दुपारच्या भोजनाला इथे येतात, अशी श्रद्धा आहे.

पोथीचा पाया चक्रधरांच्या लीळा, म्हणजे त्यांचे प्रसंग, सांगणाऱ्या लीळाचरित्रात आहे. चक्रधर गेल्यावर त्याचे कर्ते म्हाइंभट यांनी स्वामींना पाहिलेल्या माणसांना गाठून आठवणी मिळवल्या आणि चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घेतल्या. एकच प्रसंग दोघांकडून वेगळा आला, तर पुढच्या प्रतींत दोन्ही पाठ ‘वासना’ म्हणून टिकले. हिराइसेची वासना, परशरामबासांची वासना. इतिहासलेखनाची ही शिस्त त्या काळात दुर्मीळ होती.

चक्रधरांनी अनुयायांना सतत फिरते राहायला सांगितले: महाराष्ट्रात असावे, कानड आणि तेलंग देशांत जाऊ नये, झाडाखाली बसावे, भिक्षा मागून खावी. म्हणून लीळा बहुतेक गावकुसाबाहेरच्या देवळांत, नदीच्या वाटेवर, रानात घडतात. शिकाऱ्यांपासून पळालेला ससा चक्रधरांच्या मांडीखाली आश्रय घेतो, ती लीळा अशाच रानातली. स्थानपोथी त्यात दिशा आणि अंतर भरते. जास्त दिवसांचा मुक्काम ते अवस्थान, रात्रीपुरती ती वसती, घटकाभर बसले ते आसन, फेरफटका ते विहरण. लघवीला बसण्याची जागाही ‘परिश्रय’ म्हणून नोंदलेली आहे. देवळाचे दार कोणत्या दिशेला, विहीर कुठे, वेस कोणत्या अंगाला, हे सगळे ओघात येते.

त्या काळाचा दुसरा पुरावा शिलालेखांचा. बीड जिल्ह्यातल्याच अंबाजोगाईत यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याच्याशी संबंधित 1228 आणि 1240 या सालांचे शिलालेख आहेत. त्यांत राजा, सेनापती, देवळे आणि दाने आहेत. सामान्य गावाची वेस आणि पाणवठा पाहायचा, तर पोथीकडेच यावे लागते. अशा कामाचे इंग्रजीतले उदाहरणही आहे: जेम्स थॉर्न यांनी 1876 साली लंडनच्या परिसराची गावोगाव माहिती देणारे पुस्तक काढले. शहराने पुढे गिळलेली गावे आज त्यातून शोधली जातात. स्थानपोथीचे काम त्याच जातीचे, पण पाच शतके आधीचे.

महानुभावांचे हे ग्रंथ दीर्घकाळ सांकेतिक लिप्यांत राहिले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची किल्ली पंथाबाहेर आली. पुढे वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्र आणि स्थानपोथी संपादून अभ्यासकांपुढे ठेवली. तोवर भूगोल पालटत होता. 1976 मध्ये पैठणचे जायकवाडी धरण पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयाने गोदाकाठची कितीतरी गावे पोटात घेतली.

पोथीला मर्यादाही आहेत. स्वामींचा पाय जिथे पडला नाही, ते गाव तिला दिसत नाही. पीक, सारा, बाजारभाव यांचा हिशेब ती देत नाही. त्यासाठी ताम्रपट आणि शिलालेखच चाळावे लागतात.