तेलाची साक्ष

दिवाळी हा जसा दिव्यांचा सण, तसाच तो तेलाचाही सण आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला चोळायचे सुवासिक तेल, पणतीत घालायचे तेल आणि चकल्यांच्या कढईतले तेल, अशी तीन तेले या चार दिवसांत आपल्या घरात नांदतात. चौथ्या तेलाची आठवण सणासुदीला कोणी करीत नाही. ते काळे असते, त्याला वास येतो, आणि अंगणात सांडले तर घरातली मंडळी आपल्याला बोलल्याशिवाय राहत नाहीत. वाचकहो, आज मी त्या चौथ्या तेलाची हकीकत सांगणार आहे. ते तेल म्हणजे मोटारसायकलीच्या इंजिनातले तेल.

गेल्या वर्षी दिवाळी चार दिवसांवर आली असता आमची शंभर सी.सी.ची जुनी मोटारसायकल मी दारव्ह्यातल्या एका मिस्त्रीकडे तेल बदलायला नेली. पूर्वी ती मी वापरीत असे. आता मुलगी तिच्यावरून यवतमाळला कॉलेजात जाते. तेल बदलायची वेळ कधीच टळून गेली होती. आज करू, उद्या करू असे म्हणता म्हणता चार महिने गेले होते, आणि तो दोष सर्वस्वी माझा होता.

मिस्त्रीने खालचा बोल्ट सोडला. काळे तेल ट्रेमध्ये उतरले. ट्रे उन्हात नेताच तेलावर जरीसारखी बारीक चमक दिसली. मला तिची मौज वाटली. मिस्त्रीला वाटली नाही. त्याने दोन बोटांत तेल चोळून पाहिले. मग जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक काढले, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळले आणि तेलातून हळूच फिरवले. पिशवीला काळा गाळ चिकटला, आणि त्या गाळात तिळाएवढ्या दोन-तीन चपट्या पापड्या होत्या.

“गुरुजी, नुसता भुगा असता त म्या काई म्हटलं नसतं,” तो म्हणाला. “पण ह्या पापड्या नखाले लागतात. इंजिन खोला लागते.”

इंजिन खोलायचे म्हणजे दिवाळीच्या खरेदीतले बरेचसे पैसे जाणार. मी म्हटले, नवे तेल घाला, दिवाळीनंतर पाहू. त्यावर तो एवढेच म्हणाला, “टाकतो. पण पोरगी बसते ना याच्यावर?”

मी विचार करायला एक रात्र मागून घरी आलो. माझा स्वभाव असा की, कोणतीही अडचण आली की तिचा इतिहास शोधल्याशिवाय मला झोप येत नाही. तेलातला चुरा पाहून यंत्राचे दुखणे ओळखायला माणूस शिकला तरी कधी?

आरंभ अर्थातच बैलगाडीपासून करावा लागतो. आसाला लावलेले वंगण काही दिवसांनी काळे पडते, हे शेतकरी पिढ्यान् पिढ्या पाहत आला. तो काळेपणा केवळ रस्त्यावरच्या धुळीचा नसतो. आस आणि तुंब्यातले लोखंड एकमेकांना घासून जे झिजते, तेही त्यात मिसळलेले असते. ते पुसून नवे वंगण लावायचे, एवढा धडा त्यातून मिळाला. तेलाच्या आत नेमके काय चालते, हे कळायला मात्र आगगाडी यावी लागली.

आगगाडीच्या डब्यांचे आस तापत, कधी पेटही घेत. त्यावर उपाय म्हणून आसाभोवतीच्या पेटीत गिरणीतले उरलेले सूत तेलात भिजवून भरीत. अमेरिकेत आयझॅक बॅबिट याने 1839 साली बेअरिंगला मऊ धातूचे अस्तर देण्याची युक्ती काढली. म्हणजे झीज व्हायची तर त्या स्वस्त अस्तराची व्हावी, मोलाच्या आसाची होऊ नये. पुढे 1883 साली इंग्लंडात बोशँप टॉवर नावाचा इंजिनिअर बेअरिंगवर प्रयोग करीत होता. त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले, तर त्यातून तेल वर येऊ लागले. त्याने लाकडी खुंटी ठोकली. फिरत्या आसावरच्या तेलाने ती खुंटी वर ढकलून दिली! याचा अर्थ असा की, यंत्र चालू असता धातू धातूवर टेकतच नाही. मधल्या तेलाचा पातळ थर सगळा भार उचलून धरतो. या प्रकाराचे गणित 1886 साली ऑसबॉर्न रेनॉल्ड्स यांनी मांडले. ते मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात प्राध्यापक होते.

मँचेस्टर म्हटले की आम्हां यवतमाळकरांना आमची शकुंतला आठवते. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे आणि तिथून विलायतेच्या गिरण्यांकडे जावा म्हणून किलिक निक्सन कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अडीच फुटी लोहमार्गाची गाडी सुरू केली. तिचे वाफेचे इंजिन मँचेस्टरलाच 1921 साली तयार झाले. 1923 सालापासून ते दारव्हा, कारंजा करीत सत्तर वर्षे धावले, आणि 15 एप्रिल 1994 रोजी निवृत्त झाले. त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले. आता ती गाडीच थांबली आहे. रूळ तेवढे आठवणीला उरले आहेत.

वाफेच्या इंजिनात एक अडचण होती. सिलिंडरमध्ये सोडलेले तेल वाफेबरोबर धुराड्यातून निघून जाई. आसाचे तेल गळून वाटेत पडे. जे तेल परत येत नाही, ते साक्ष तरी कशी देणार? म्हणून त्या काळचा ड्रायव्हर कानाने आवाज ऐकून आणि पेटीला हात लावून इंजिनाची प्रकृती ओळखीत असे. डिझेल इंजिनाचे तसे नाही. त्यात तेच तेल पुनःपुन्हा फिरते, प्रत्येक भागाला भेटून येते, आणि प्रत्येक ठिकाणची झीज आपल्याबरोबर आणते.

या गुणाचा पद्धतशीर उपयोग अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रांड रेल्वेच्या प्रयोगशाळेने 1946 साली केला. डिझेल इंजिनातले थोडे तेल काढायचे, विजेच्या ठिणगीत जाळायचे आणि त्या ज्योतीचा प्रकाश तपासायचा, अशी ही रीत. बेरियममुळे फटाक्यातून हिरवा प्रकाश पडतो आणि स्ट्राँशियममुळे लाल, हे मुलांनाही ठाऊक असते. प्रत्येक मूलद्रव्याची प्रकाशरेषा निराळी, हे बुन्सेन आणि किरखोफ या जर्मन शास्त्रज्ञांनी 1860 च्या सुमारास दाखवून दिले होते. तीच खूण इथे कामी आली. लोखंड दिसले तर सिलिंडर किंवा दाते झिजताहेत, ॲल्युमिनियम दिसले तर पिस्टन, तांबे दिसले तर बुश, असे इंजिन न उघडता सांगता येऊ लागले. ज्याला आपण फटाका म्हणतो, त्याच विद्येने आगगाडीचे डॉक्टर निदान करू लागले म्हणायचे! पुढे अमेरिकेच्या आरमाराने आणि विमानदळाने ही रीत उचलली. 1966 साली इंग्लंडात घर्षण आणि झीज यांच्या शास्त्राला ट्रायबॉलॉजी असे नावही मिळाले. त्यानंतरच्या दशकात चुंबकाच्या मदतीने तेलातले कण काचेवर आकारमानाप्रमाणे मांडून सूक्ष्मदर्शकातून पाहण्याची युक्ती निघाली. आमच्या मिस्त्रीचे पिशवीत गुंडाळलेले लोहचुंबक त्याच विद्येचे गावठी भावंड आहे.

आता आपल्याकडच्या मोटारसायकलींकडे वळू. 1955 साली मद्रासला एन्फील्डची बुलेट तयार होऊ लागली, आणि पुढच्या दशकात राजदूत व जावा रस्त्यावर आल्या. यांपैकी बुलेट चार स्ट्रोकची. तिचे तेल फिरून टाकीत परत येते. राजदूत आणि जावा दोन स्ट्रोकच्या. त्यांत पेट्रोलमध्येच तेल मिसळीत. ते जळून निळ्या धुरावाटे निघून जाई. गिअरपेटीचे तेल सोडले, तर त्या इंजिनाच्या आतले दुखणे सांगायला तेल उरतच नसे. म्हणजे वाफेच्या इंजिनाचीच गत. 1985 साली हिरो होंडाची शंभर सी.सी.ची चार स्ट्रोकची गाडी आली आणि हळूहळू धुराचे दिवस सरले. या जातीच्या गाडीत इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांना एकच तेल पुरते. म्हणून नव्या गाडीच्या पहिल्या तेलात थोडी चमक दिसते, तिला घाबरायचे कारण नसते. नवे दाते एकमेकांशी जुळवून घेत असतात. पीठासारखा बारीक भुगा पुढेही थोडाफार दिसतोच. पण नखाला लागणारी पापडी ही झीज नव्हे. ती मोडतोड असते.

रात्रभर हे सारे मनात घोळले. सकाळी मी मिस्त्रीकडे गेलो आणि म्हटले, खोला. मुलगीही आली होती. दुपारपर्यंत इंजिन उघडले. क्रँकच्या एका बेअरिंगच्या कडीवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. पापड्या तिथूनच सुटल्या होत्या. बेअरिंग वाटेत फुटले असते तर इंजिन जागच्या जागी जाम होते आणि मागचे चाक धरून बसते, असे मिस्त्रीने सांगितले. भरधाव गाडीचे मागचे चाक थांबले म्हणजे काय होते, हे त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. मुलगी ते खड्डे बोटाने चाचपून पाहत राहिली.

त्या दिवाळीला आमच्याकडे नवे कपडे आले नाहीत. चकल्या झाल्या, पणत्या लागल्या. पाचशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा तेल काढले, तेव्हा ट्रे उन्हात मुलीनेच नेला. चुंबकाला थोडा भुगा लागला, पापडी एकही नव्हती.

आता स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॅलेंडर आहे, त्याच्यावर दुधाच्या आणि गॅसच्या नोंदींशेजारी तिने तेल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले आहेत. यंदा धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी तेल बदलायचे आहे. तिने माझ्या आधीच मिस्त्रीला सांगून ठेवले आहे.