मुंबईची पर्जन्यजल निचरा व्यवस्था

मुंबईची पर्जन्यजल निचरा व्यवस्था ही बृहन्मुंबई महानगरपालिका क्षेत्रात पडणारे पावसाचे पाणी गटारे, भूमिगत वाहिन्या, नाले व नद्या यांच्यामार्फत समुद्रात आणि खाड्यांमध्ये सोडणारी यंत्रणा आहे. तिची देखभाल महानगरपालिकेचे पर्जन्यजल वाहिन्या खाते करते. शहर विभागातील मूळ वाहिन्या ब्रिटिश काळातील आहेत. त्यांच्या पुनर्रचनेचा आराखडा १९९३ साली सादर झाला. तो ‘ब्रिमस्टोवॅड’ (बृहन्मुंबई स्टॉर्म वॉटर डिस्पोजल सिस्टिम) या नावाने ओळखला जातो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर त्याच्या अंमलबजावणीस गती मिळाली. अलीकडे ही व्यवस्था राज्याच्या व शहराच्या वातावरणीय बदलविषयक नियोजनाचाही भाग बनली आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

आजची मुंबई मूळच्या सात बेटांमधील खाजणे व उथळ समुद्र भरून तयार झाली. अठराव्या शतकात वरळीच्या खिंडीवर बांध (हॉर्नबी वेलार्ड) घालण्यात आला आणि भरतीच्या पाण्याखाली जाणारा मोठा प्रदेश वस्तीसाठी मोकळा झाला. पुढील दोन शतकांत भरावाचे काम चालूच राहिले. परिणामी शहराचे अनेक भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा सखल आहेत. समुद्राला भरती असताना अशा भागांतील पाणी केवळ उताराने बाहेर जाऊ शकत नाही.

मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो सारखा विभागून न पडता काही दिवसांत, किंबहुना काही तासांत, एकवटून पडतो. उपनगरांतील पाणी मुख्यतः मिठी, दहिसर, पोयसर व ओशिवरा या नद्या वाहून नेतात. मिठी नदी विहार व पवई तलावांतून ओसंडणाऱ्या पाण्यापासून सुरू होते आणि सुमारे १८ किलोमीटरचा प्रवास करून माहीमच्या खाडीला मिळते.

जुन्या व्यवस्थेची रचना

मुंबईत सांडपाणी आणि पर्जन्यजल यांच्या वाहिन्या तत्त्वतः स्वतंत्र आहेत. प्रत्यक्षात मलनिःसारण वाहिन्या न पोहोचलेल्या वस्त्यांचे सांडपाणी नाल्यांतच येते. पर्जन्यजल जेथे समुद्रात किंवा खाडीत पडते त्या ठिकाणांना ‘पातमुखे’ म्हणतात. महानगरपालिकेच्या पाहणीनुसार १८६ पातमुखांपैकी ४५ पातमुखे सरासरी समुद्रसपाटीच्या खाली आहेत. १३५ पातमुखे समुद्रसपाटीच्या वर परंतु भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. भरतीच्या पातळीच्या वर केवळ ६ आहेत. पूर्वी भरतीचे पाणी अडवणारी पूरद्वारे हाजी अली, लव्हग्रोव्ह व क्लीव्हलँड बंदर या तीनच पातमुखांवर होती. इतरत्र भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी वाहिन्यांत उलट शिरू शके.

ही व्यवस्था ओहोटीच्या वेळी ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेता येईल अशा हिशेबाने आखलेली होती. पडलेल्या पावसापैकी निम्मे पाणी जमिनीत मुरेल, असेही त्यात गृहीत धरले होते. मोकळी मैदाने, बागा व तलाव असलेल्या शहरासाठी हे गृहीतक योग्य होते. काँक्रीट व डांबराने जमीन झाकली गेल्यानंतर ते टिकले नाही.

ब्रिमस्टोवॅड आराखडा

१९८५ च्या पावसाळ्यात शहरात मोठ्या प्रमाणावर पाणी तुंबले. त्यानंतर महानगरपालिकेने संपूर्ण व्यवस्थेचा अभ्यास करण्यासाठी सल्लागार संस्था नेमली आणि तिचा अहवाल १९९३ मध्ये सादर झाला. वाहिन्यांची क्षमता ताशी ५० मिलिमीटर पावसास पुरेल इतकी वाढवावी आणि पडलेले सर्व पाणी वाहून येईल असे धरूनच आखणी करावी, ही त्यातील मुख्य शिफारस होती.

या दोन बदलांचा एकत्रित परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडल्यास एक लिटर पाणी जमते. जुन्या निकषानुसार एक हेक्टर क्षेत्रातून तासाला १.२५ लाख लिटर पाणी वाहून न्यावे लागे. नव्या निकषानुसार हे प्रमाण ५ लाख लिटर, म्हणजे चौपट होते. त्यामुळे वाहिन्या बदलणे, नाले रुंद व खोल करणे आणि भरतीच्या वेळी पाणी उपसून समुद्रात टाकणारी उदंचन केंद्रे उभारणे ही कामे सुचवण्यात आली. निधीअभावी यांपैकी बहुतेक कामे दशकभर रेंगाळली.

२६ जुलै २००५ चा महापूर

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथील वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. दुपारी एका तासात तेथे सुमारे १९० मिलिमीटर पाऊस पडला. हे प्रमाण जुन्या व्यवस्थेच्या क्षमतेच्या सात पटींहून अधिक आणि ब्रिमस्टोवॅडच्या निकषाच्याही जवळजवळ चौपट होते. त्याच काळात भरती असल्याने पाण्याला बाहेर जाण्यास वाट उरली नाही. मिठी नदीच्या काठावरील कुर्ला, कालिना, सायन, वांद्रे आदी भाग पाण्याखाली गेले, विमानतळ बंद पडला आणि उपनगरी रेल्वे ठप्प झाली. पूर, दरडी व त्यानंतरच्या साथींमुळे शेकडो लोकांना प्राण गमवावे लागले.

या घटनेची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. नदीपात्रातील भराव व अतिक्रमणे, अरुंद झालेले नाले आणि पर्जन्यमापनाची अपुरी सोय या बाबींकडे त्यानंतर विशेष लक्ष गेले. राज्य शासनाने २००५ मध्येच मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन केले. नदीच्या रुंदीकरणाचे काम महानगरपालिका आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्यात विभागून देण्यात आले.

अंमलबजावणी

महापुरानंतर केंद्र शासनाने ब्रिमस्टोवॅड प्रकल्पासाठी सुमारे १,२०० कोटी रुपयांचे साहाय्य मंजूर केले. कामे लांबत गेल्याने प्रकल्पाचा खर्च त्यापेक्षा पुष्कळ वाढला. नियोजित आठ उदंचन केंद्रांपैकी हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया व गझदरबंध ही सहा केंद्रे टप्प्याटप्प्याने कार्यान्वित झाली. या केंद्रांतील एक मोठा पंप सेकंदाला सुमारे सहा हजार लिटर पाणी उपसू शकतो. माहुल व मोगरा येथील केंद्रे जागेच्या प्रश्नांमुळे दीर्घकाळ रखडली.

दादर-परळ परिसरातील हिंदमाता हा बशीसारखा सखल भाग पाणी तुंबण्यासाठी प्रसिद्ध आहे. ब्रिटानिया केंद्र सुरू होऊनही येथील प्रश्न पूर्णपणे सुटला नाही. म्हणून महानगरपालिकेने प्रमोद महाजन कला पार्क आणि सेंट झेवियर्स मैदान येथे भूमिगत साठवण टाक्या बांधल्या. भरती व अतिवृष्टी एकाच वेळी आल्यास पाणी या टाक्यांत साठवले जाते आणि ओहोटी लागल्यावर सोडले जाते. पाणी केवळ वाहून नेण्याऐवजी काही काळ थोपवून धरण्याचा हा प्रयोग मुंबईच्या निचरा धोरणातील महत्त्वाचा बदल मानला जातो.

पूर्वसूचना

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला असता कुलाब्यात केवळ ७३ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. दोन वेधशाळांच्या नोंदींवरून संपूर्ण शहराचा अंदाज बांधता येत नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले. त्यानंतर महानगरपालिकेने शहरभर स्वयंचलित हवामान केंद्रांचे जाळे उभारले. जून २०२० मध्ये केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालय व महानगरपालिका यांनी ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूरसूचना प्रणाली सुरू केली. कोणत्या भागात किती पाणी साचू शकेल, याचा अंदाज पाऊस, भरती व भूपृष्ठाची उंची यांच्या आधारे ही प्रणाली देते. साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी महानगरपालिका दरवर्षी पावसाळ्यापूर्वी जाहीर करते.

वातावरणीय बदल व नियोजन

महाराष्ट्र शासनासाठी ‘टेरी’ या संस्थेने राज्याच्या वातावरणीय बदलविषयक असुरक्षिततेचा अभ्यास करून २०१४ मध्ये अहवाल दिला. २०२० मध्ये राज्याच्या पर्यावरण विभागाचे नामकरण ‘पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग’ असे करण्यात आले. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी या विभागाने भूमी, जल, वायू, अग्नी व आकाश या पंचतत्त्वांवर आधारित ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले. पर्जन्यजल संधारण व जलस्रोतांचे पुनरुज्जीवन ही कामे त्यात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मूल्यमापनात धरली जातात.

मार्च २०२२ मध्ये ‘मुंबई वातावरण कृती आराखडा’ प्रसिद्ध झाला. शहराचे निव्वळ कार्बन उत्सर्जन २०५० पर्यंत शून्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याच्या सहा कार्यक्षेत्रांपैकी एक ‘शहरी पूर व जलस्रोत व्यवस्थापन’ हे आहे. पुराचा धोका सर्वांना सारखा नसून नदी-नाल्यांकाठच्या आणि सखल झोपडपट्ट्यांतील रहिवाशांना तो अधिक आहे, हे आराखड्यात विचारात घेतले आहे.

नियोजनाची ही गरज पावसाच्या बदलत्या स्वरूपातून निर्माण झाली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. नालेसफाईची बरीच कामे मेअखेरपर्यंत पूर्ण करण्याच्या प्रघाताला त्यामुळे धक्का बसला.

मर्यादा व आव्हाने

ताशी ५० मिलिमीटर हा निकष आता अपुरा ठरत असल्याचे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. तथापि दाट वस्तीत, रेल्वेमार्गांखाली आणि जुन्या इमारतींमधून वाहिन्या आणखी मोठ्या करण्यास मर्यादा आहेत. नाल्यांत टाकला जाणारा कचरा, प्लॅस्टिक व बांधकामाचा राडारोडा यांमुळे उपलब्ध क्षमताही पूर्ण वापरता येत नाही. नालेसफाईच्या कामांतील गैरव्यवहारांच्या चौकश्याही वेळोवेळी झाल्या आहेत. रुंदीकरणात विस्थापित होणाऱ्या कुटुंबांचे पुनर्वसन हा स्वतंत्र व संवेदनशील प्रश्न आहे.

मिठागरे, पाणथळ जागा व खारफुटी यांना शहराची नैसर्गिक साठवण टाकी म्हणता येईल. भरतीच्या वेळी अडलेले पावसाचे पाणी तेथे पसरते आणि ओहोटीला निघून जाते. वांद्रे-कुर्ला संकुलासह शहराचे अनेक भाग अशाच जागांवर भराव घालून उभे राहिले आहेत. राज्याच्या वन विभागाने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केला. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या संरक्षणाबाबत महत्त्वपूर्ण निकाल दिला. समुद्राची पातळी वाढत असताना उताराने पाण्याचा निचरा होण्याचा कालावधी उत्तरोत्तर कमी होत जाणार आहे. त्यामुळे उरलेल्या मोकळ्या व पाणथळ जागा राखणे हे उदंचन केंद्रे उभारण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.