‘कानडा’ : वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ

कुर्डुवाडी–पंढरपूर लोहमार्गावरील मोडनिंब सोडले की पंढरी जवळ येते, आणि ‘कानडा’ या शब्दाचा प्रश्नही. ज्ञानदेवांच्या नावावरील प्रसिद्ध अभंगात विठ्ठलाला हे विशेषण लावलेले आहे. परंपरागत विवरणात त्याचा अर्थ ‘अगम्य’ असा केला जातो. वस्तुतः हा लक्ष्यार्थ होय. परभाषकाचे बोलणे कळत नाही, म्हणून त्याच्या जनवाचक नावालाच दुर्बोधतेचा अर्थ चिकटतो. ग्रीकांचा ‘बार्बरोस’ हा शब्दही परक्याच्या न कळणाऱ्या बोलण्यावरूनच आला. परंतु लक्ष्यार्थ वाच्यार्थावर उभा असतो. तो वाच्यार्थाला पुसू शकत नाही. अभंगात शेजारीच कर्नाटकाचा निर्देश आहे. त्याचीही ‘नाटक करणारा’ अशी फोड करण्यात आली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

इतिहासाची साक्ष वाच्यार्थाच्या बाजूने आहे. पंढरपुरात होयसळ सोमेश्वराचा इ. स. १२३७ चा शिलालेख आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाचे दाक्षिणात्य अनुबंध साक्षेपाने मांडले. सोलापूरचे सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातील कन्नड वचनकार. याच जिल्ह्यातील हत्तरसंग-कुडल येथे शके ९४० चा मराठी लेख आहे. या भूमीत ‘कानडा’ म्हणजे परका नव्हे, शेजारी.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर सीमावादाने या शब्दाला वेगळीच धार आली. अशा वेळी केवळ ‘अगम्य’ हाच अर्थ सांगणे म्हणजे दैवत स्वीकारून त्याचे गोत्र नाकारणे होय. दोन्ही अर्थ एकत्र वाचले, तरच त्या विशेषणातील जवळीक आणि विस्मय यांचा उलगडा होतो.