वातबोगदा आणि गणित: घाटगे यांच्यापासून तेजसपर्यंत

कोल्हापूर भागात जन्मलेले विष्णु माधव घाटगे जर्मनीतील गटिंगन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली संशोधन करून परतले, तेव्हा वाहत्या हवेचा अभ्यास भारतात जवळजवळ नव्हताच. प्रांट्ल यांनी 1904 मध्ये सीमास्तराची, म्हणजे पृष्ठभागालगत घर्षणामुळे मंदावणाऱ्या हवेच्या पातळ थराची, कल्पना मांडली होती, आणि गणिताला प्रयोगाच्या कसोटीवर घासून पाहण्याची सवय त्यांच्या शिष्यांत रुजली होती. 1942 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याची धुरा घाटगे यांनी सांभाळली. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेले एचटी-2 हे प्रशिक्षण विमान 1951 मध्ये उडाले.

विमानाच्या गणिताची अशी कसोटी वातबोगद्यात लागते. वातबोगदा म्हणजे पंख्याने किंवा साठवलेल्या दाबाने हवा वाहवून तीत स्थिर प्रतिकृतीवरचे बल मोजण्याचे साधन. संगणकाच्या काळात हवेची समीकरणे लाखो लहान चौकटींवर अंकगणिताने सोडवली जाऊ लागली. तथापि खळबळणाऱ्या प्रवाहाचे वर्णन त्यांत बहुधा अंदाजी सूत्रांनीच होत असल्याने मोजमापाशी ताडून पाहणे, म्हणजे प्रमाणन, अटळ ठरते. बोगदाही अर्थात निर्दोष नाही: भिंतींचा आणि प्रतिकृतीच्या आधाराचा परिणाम वजा करावा लागतो, आणि छोट्या प्रतिकृतीवर रेनॉल्ड्स अंक, म्हणजे जडत्व व चिकटपणा यांचे गुणोत्तर, खऱ्या विमानाइतका क्वचितच साधतो. म्हणूनच दोन्ही साधने परस्परांची तपासणी करतात. राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या 1.2 मीटर बोगद्यात तेजस या हलक्या लढाऊ विमानाच्या प्रतिकृतींवर चाचण्या झाल्या, आणि ते विमान 4 जानेवारी 2001 रोजी प्रथम उडाले.