मुंबई ते तेल अविव : अंतर आणि वेळ

मुंबईपासून तेल अविवच्या बेन गुरियन विमानतळाचे सरळ हवाई अंतर सुमारे ४,०५० किलोमीटर आहे. खरे तर हा साडेपाच-सहा तासांचा प्रवास. परंतु सौदी अरेबियाचे आकाश बंद असल्यामुळे इस्रायली विमाने तांबड्या समुद्रावरून दक्षिणेस उतरून अरबस्तानाला वळसा घालीत. त्यात सुमारे आठ तास जात. पवित्र भूमीच्या यात्रेस निघालेल्या वयोवृद्धांना ते वाढीव तास किती जड जातात, हे यात्रा नेणाऱ्यांनाच विचारावे! मार्च २०१८ मध्ये एअर इंडियाचे दिल्लीहून निघालेले विमान प्रथमच सौदी आकाशातून तेथे पोहोचले. इस्रायली विमानांना सौदी मार्ग जुलै २०२२ मध्ये खुला झाला. तरी पुढचे ओमानचे आकाश फेब्रुवारी २०२३ पर्यंत बंदच होते. ऑक्टोबर २०२३ पासूनच्या युद्धकाळात अनेक उड्डाणे रद्द झाली. म्हणून यात्रेचे पैसे भरण्यापूर्वी विमान थेट आहे की वाटेत बदलावे लागते, याची चौकशी अवश्य करावी.