डीपग्रीन लेनवरील घर

इतिहासाच्या तासाला आपण किल्ले, लढाया आणि तह शिकवितो. सामान्य माणसाच्या घराचा इतिहास सहसा कोणी शिकवीत नाही. वास्तविक खरेदीखत हाही इतिहासाचाच कागद आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या अशाच एका साध्या घराची हकीकत पालक व विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरांची तीव्र टंचाई होती. विल्यम लेव्हिट या बिल्डरने कारखान्यात माल काढावा तशी घरे बांधली. एका तुकडीने पाया घालायचा, दुसरीने भिंती उभ्या करायच्या, तिसरीने रंग द्यायचा. १९५२ ते १९५८ या काळात फिलाडेल्फियाजवळ त्याने सतरा हजारांहून अधिक घरांचे लेव्हिटटाऊन उभारले. बैठी घरे, पुढे हिरवळ, अंगणात फळझाडे. मुलांना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये म्हणून वस्त्यांच्या मध्यभागी प्राथमिक शाळा! शिक्षकाला हेवा वाटावा अशीच ही आखणी.

मात्र लेव्हिट कृष्णवर्णीयांना घर विकत नसे. वंशाच्या अटी घातलेले करार न्यायालये अंमलात आणणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्येच सांगितले होते. पण विकणाराच नाही म्हणाला तर काय करायचे? शिवाय गृहकर्जाला हमी देणारे सरकारी खातेही मिश्र वस्ती धोक्याची मानीत आले होते. आडनाव ऐकताच ‘खोली कालच गेली’ असे उत्तर मिळालेल्या आपल्या वाचकांना हे अधिक समजावून सांगायला नको.

वाट सापडली ती दुसऱ्या विक्रीतून. डॉगवुड हॉलो वस्तीतील डीपग्रीन लेनवरचे एक घर मूळ बिल्डरकडून नव्हे, तर तिथे राहणाऱ्या मालकाकडून बिल आणि डेझी मायर्स या कृष्णवर्णीय दांपत्याने १२,१५० डॉलरना घेतले. बिल महायुद्धात सैन्यात होते. तीन लहान मुले, त्यांतले एक तान्हे. जुनी जागा अपुरी पडू लागली होती, एवढेच कारण. १३ ऑगस्ट १९५७ रोजी टपालवाल्याने ही वार्ता घरोघर पोचविली. संध्याकाळी शेकडोंचा जमाव जमला आणि दगडाने दर्शनी खिडकीची काच फुटली. पुढे कित्येक रात्री हाच प्रकार चालला. मागच्या रिकाम्या घरात टोळक्याने ठाण मांडून मोठमोठ्याने गाणी लावली. एक पोलीस दगड लागून बेशुद्ध पडला, राज्याचे पोलीसही आणावे लागले. लिटल रॉकच्या शाळेचा प्रसंग पुढच्याच महिन्यातला. पण तो दक्षिणेतला. ही उत्तर होती, हे ध्यानात घ्यावे.

शेजारचे वेक्सलर हे ज्यू कुटुंब मायर्स दांपत्याच्या पाठीशी राहिले. त्यांच्याही भिंतीवर धमकीची अक्षरे रंगविण्यात आली. क्वेकर मंडळी घरात येऊन बसत, कामाला हात लावीत. अखेर राज्य सरकारने न्यायालयातून मनाईहुकूम मिळविला. वंशावरून घर नाकारण्यास बंदी करणारा देशव्यापी कायदा व्हायला मात्र १९६८ उजाडले.

मायर्स कुटुंब तेथे सुमारे चार वर्षे राहिले आणि मग दुसऱ्या गावी गेले. डेझीबाई पुढे शिक्षिका व मुख्याध्यापिका झाल्या. १९९९ मध्ये तेथील महापौरांनी त्यांना बोलावून जाहीर माफी मागितली. गावच्या नाताळच्या झाडाला ‘मिस डेझी’ असे नाव देण्यात आले आणि त्यावरचे दिवे त्यांच्याच हस्ते लागले.